मेन बंद होता

१

खोटं वाटेल, पण त्या घराचा मेन स्विच एखाद्या जहाजावर शोभावा असा होता. लोखंडी पेटी आणि बाहेर वीतभर दांडा. वर केला की चालू, खाली ओढला की बंद. ओढला की असा खडाक् आवाज व्हायचा की शेजारची मांजर महिनाभर त्या अंगणात पाऊल टाकत नसे. तर त्या पेटीखाली, पुढच्या व्हरांड्यात, थोरली सून सकाळी नऊपासून स्टूल टाकून बसली होती. राखणीला.

राखणीला बसवलं होतं तिच्या सख्ख्या भावाने. अण्णा वायरमन. वीस वर्षांत त्याने शंभर घरांच्या भिंती आतून पाहिल्या होत्या. बाकीचे वायरमन मेन बंद करून वर कुलूप घालतात. अण्णाची रीत वेगळी. तो घरातलंच एक माणूस मेनखाली बसवायचा.

"कुलूप काय, कुणीही फोडतं," तो म्हणायचा. "माणूस बसलं की कुणाची छाती होत नाही दांड्याला हात लावायची. आणि आज तर आमची चिमी बसलीय. आज मी डोळे मिटून काम करतो की नाही बघ."

हे वाक्य पुढे तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

स्वयंपाकघराचा जुना ओटा फोडून नवा घालायचं चाललं होतं. ओटा हलला म्हणजे सॉकेट हलणार, सॉकेट हलले म्हणजे भिंतीला खाचा पडणार. अण्णाने खाचा पाडल्या की गवंड्याच्या डोक्यात तिडीक जायची, कारण भिंत गवंड्याने परवाच गुळगुळीत केलेली. "माझ्या प्लास्टरची चाळणी केली या माणसाने! एक दिवस याला याच भिंतीत चिणीन," असं तो सकाळपासून तीनदा ओरडला होता. आणि त्या रागात दुपारी थापी अशी झटकली, की सिमेंटचा शिंतोडा व्हरांड्यात उडून मेनच्या पेटीवर फटकन बसला. सासूबाईंनी त्याला त्यावरून फैलावर घेतलं.

सासूबाईंचा पारा तसाही सकाळपासून चढलेला होता. सगळ्यांच्या आंघोळी उरकून त्या शेवटी बसल्या, गिझरमधलं पाणी संपलेलं, नवं तापायला ठेवलं आणि तेवढ्यात नऊ वाजले. खडाक्. गार पाण्याने आंघोळ! त्यात सासरेबुवांची काळजी. ते दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, बोलणं गेलेलं. त्यांच्या पाठीखाली विजेवर फुगणारी हवेची गादी. वीज गेली की गादी हळूहळू बसायची आणि पाठीला जखमा व्हायच्या.

"किती वेळ बंद ठेवणार रे अण्णा?" त्यांनी विचारलं होतं.

"पाच वाजतील, आई. तोवर मेनला कुणी हात लावायचा नाही. जिवाशी खेळ आहे."

"नाही लावणार बाबा. मला काय हौस आलीय!"

साडेतीनला चहा झाला. अण्णा चहा पिऊन परत आत गेला. बाहेर ऊन कलत होतं, गवंड्याची थापी एका लयीत चालली होती, सरक, सरक, सरक.

आणि चार वाजून पाच मिनिटांनी आतून एक आवाज आला. ओला कपडा दगडावर आपटावा तसा. मग पक्कड फरशीवर पडली. मग काहीच नाही.

थोरली ताडकन उठली. तेव्हा तिचा उजवा हात कुठे होता? दांड्यावर.

२

अण्णा भिंतीशी आडवा पडला होता. हाताची बोटं काळी, तोंड उघडं. गवंडी सगळ्यांच्या आधी पोचला. हातातली ॲल्युमिनियमची लांब पट्टी त्याने उगारली, मग काय सुचलं कोण जाणे, ती फेकून लाकडी पाट घेतला आणि त्याने अण्णाला वायरींपासून ढकललं. मग छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागला. ज्याला भिंतीत चिणणार होता त्याला "ऊठ रे, ऊठ रे बाबा" म्हणत घाम गाळत होता.

जिन्यावरून धाकटे दीर धावत आले. ते वरच्या मजल्यावर एकटे राहत. वरचं मीटर वेगळं, बोर्ड वेगळा, सगळं वेगळं. "झोपलो होतो, पंखा बंद पडला म्हणून उठलो तर खाली हा आरडाओरडा! काय झालं वहिनी?"

मागोमाग सासूबाई आल्या. त्यांनी अण्णाला पाहिलं, मग सुनेला पाहिलं, आणि डोक्याला हात लावला.

"मेन बंद होता ना? मग करंट आला कुठून? अगं, तू बसली होतीस ना तिथे? तूच चालू केलास! भाऊ ना तुझा तो?"

"नाही हो आई... मी नाही..."

"मग काय भुताने केला?"

ॲम्ब्युलन्स आली आणि अण्णाला घेऊन गेली. श्वास होता, शुद्ध नव्हती. गवंडी बरोबर गेला. थोरलीचे हात भावाच्या तोंडाला लागलेल्या रक्ताने माखले होते. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली. पाणी कोमट होतं. कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखं कोमट. तिला तेव्हा एवढंच वाटलं, की बरं वाटतंय. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

संध्याकाळी वीज खात्याचा माणूस आला. दांडा खाली होता, म्हणजे बंद. त्याने तारेत शिशाचं सील ओवून पेटी आहे तशी बंद केली. "उद्या तपासणीबाई येतील. तोवर हात लावायचा नाही."

थोरली रात्रभर बसून होती. नवरा बोटीवर, समुद्रात कुठेतरी, फोन लागत नव्हता. सासूबाईंच्या रागाची तिला भीती नव्हती. भीती वेगळी होती आणि ती तिने कुणालाच सांगितली नव्हती.

चहानंतर तिला डुलकी लागली होती. त्याच स्टुलावर. खांदा त्याच दांड्याला टेकून.

३

तपासणीबाईंबद्दल खात्यात काय काय सांगत. म्हणे त्या घरात शिरल्या की उडालेला फ्यूज स्वतःच खाली मान घालतो. म्हणे एकदा त्यांनी नुसत्या नाकाने वास घेऊन सांगितलं, की तिसऱ्या घरातल्या इस्त्रीची वायर जळतेय. त्यातलं खरं किती ते सोडा. दारात उभी होती ती एक बुटकी, जाड चष्म्याची बाई. खांद्याला पिशवी, पिशवीत टेस्टर, बल्ब, वायरींचे तुकडे आणि फुटाण्यांची पुडी.

"घरात आजपासून कशालाही हात लावायचा तर उलट्या हाताने," त्यांनी आल्या आल्या बजावलं. "तळहात लावला आणि करंट असला, तर बोटं मिटतात आणि ती वस्तू सोडत नाहीत. उलटा हात झटकला जातो. मी सांगेपर्यंत असंच."

थोरलीला वाटलं, घराच्या प्रत्येक भिंतीला दात आले आहेत. बादली उचलायची तर उलटा हात, खिडकीचा गज धरायचा तर उलटा हात. फ्रिजच्या दाराशी ती पाच मिनिटं नुसती उभी राहिली.

बाईंनी आधी गवंड्याला अंगणात बसवलं.

"तुमचं आणि वायरमनचं भांडण होतं म्हणे?"

"होतं की!" गवंडी म्हणाला. "भांडण प्लास्टरवरून. जीव घेण्याइतकं प्लास्टर कुणाचंच चांगलं नसतं, बाई. मी बाहेरच्या भिंतीला थापत होतो. सगळ्यांना माझी थापी ऐकू येत होती. विचारा."

"मेनपाशी गेलात?"

"दुपारी शिंतोडा उडाला तेव्हा. तो पुसायला निघालो तर या घरच्या आजींनी असा काही उद्धार केला, की शिंतोडा तिथेच राहिला."

बाईंनी फुटाणा तोंडात टाकला. "राहिला? बरं झालं."

मग धाकटे दीर. हा गडी हरहुन्नरी होता. व्हिडिओ पाहून नळ दुरुस्त करायचा, मग नळवाला यायचा. व्हिडिओ पाहून कपाट बनवायचा, मग ते कपाट भिंतीला टेकवून ठेवावं लागायचं.

"तुम्ही कुठे होतात?"

"वर. झोपलो होतो. आवाज आला, उठलो."

"आवाजाने उठलात?"

"हो. म्हणजे... हो."

थोरली दारात उभी होती. काहीतरी खटकलं तिला, पण काय ते हाती लागेना.

"आता तुमच्या आईंशी बोलते."

"आईला कशाला?" दीर पटकन उभे राहिले. "ती म्हातारी बाई, तिला विजेतलं ओ की ठो कळत नाही. तिने मेनला हात लावलेला नाही. हो ना गं आई?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "नाही बाई. देवाशप्पथ मेनला बोट लावलं नाही. अण्णाने सांगितलं होतं ना!" आणि मग सुनेकडे बघून, "ज्यांनी लावलं त्यांना विचारा."

"बघितलंत? आता तिला आराम करू द्या," दीर म्हणाले आणि दारात आडवेच उभे राहिले.

"आराम कसला?" सासूबाई कुरकुरल्या. "यांच्या गादीचं काय? रात्रीपासून दर दोन तासांनी कूस बदलतेय मी यांची. माझेच हात गळून पडायची वेळ आली."

"देते सोय करून," बाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत जरा दम धरा."

मग त्या थोरलीकडे वळल्या. "चल पोरी, मेन दाखव."

४

व्हरांड्यात कुणी नव्हतं. बाईंनी स्टूल ओढून तिला बसवलं, स्वतः पायरीवर बसल्या आणि पुडी पुढे केली. थोरलीने मान हलवली. काल दुपारपासून तिच्या पोटात घोटभर पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

"बोल."

"काय?"

"जे कुणाला सांगितलं नाहीस ते. तू सकाळपासून या दांड्याकडे पाहायचं टाळते आहेस."

मग तिला राहवेना. डुलकी, खांदा, आवाज, दांड्यावरचा हात, सगळं एका दमात बाहेर आलं. "झोपेत माझ्याच खांद्याने दांडा वर गेला असेल. आणि दचकून उठताना मीच परत खाली ओढला असेल. मला आठवतच नाही हो! अण्णा म्हणाला होता, डोळे मिटून काम करीन. आणि डोळे मी मिटले."

बाईंनी तिला रडू दिलं. मग पिशवीतून भिंग काढलं आणि दांडा जिथे पेटीला जोडतो तिथे धरलं.

"बघ."

दांड्याच्या सांध्यावर गवंड्याचा शिंतोडा वाळून दगड झाला होता. अर्धा दांड्यावर, अर्धा पेटीवर. मध्ये केसाएवढीही चीर नव्हती.

"हा दुपारी बसला. चार वाजेपर्यंत वाळून कडक झाला. दांडा नुसता बोटभर हलला असता तरी याचे दोन तुकडे झाले असते. पोरी, तू खांद्याने नाही, हत्तीने टक्कर मारली असती तरी हा दांडा हलला नसता. हललाच नाही तो."

थोरलीला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझा हात नव्हता. माझा हात नव्हता! पण पुढचाच विचार मानेवरून गार सुरीसारखा फिरला.

"पण मग... मेन बंद असताना अण्णाला शॉक बसला कसा?"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "मेन बंद, तरी वीज आली. आली, आणि गेली. उद्या परत आली तर?"

आत सासरेबुवा कण्हले. थोरलीने नकळत पाय फरशीवरून उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवले.

५

"काल चारच्या आसपासचं सगळं आठव," बाई म्हणाल्या. "विजेचं नको. बाकीचं. वास, आवाज, काहीही."

थोरलीने डोळे मिटले. ओल्या कपड्यासारखा आवाज. पक्कड. गवंड्याचे हात. रक्त. न्हाणीघर. नळ.

"पाणी कोमट होतं," ती म्हणाली.

बाईंचा फुटाणा तोंडापाशी थांबला.

"कुठलं पाणी?"

"न्हाणीघरातलं, गिझरच्या नळाचं. हात धुतले तेव्हा..." आणि ती थांबली. "पण कसं असेल? सकाळी आईंनी गार पाण्याने आंघोळ केली. त्यावरून दिवसभर ऐकवत होत्या. गिझरचं बटण तसंच राहिलं असेल, पण वीज कुठे होती?"

"गिझर मोठा की छोटा?"

"छोटा. वीस मिनिटांत तापतो."

"म्हणजे अण्णा पडायच्या आधी वीसेक मिनिटं, मेन बंद असताना, सगळ्या घरात वीज खेळत होती. चहा झाला साडेतीनला. अण्णाने चहानंतर टेस्टर लावला होता का?"

थोरलीला आठवलं. सकाळी त्याने एकेका वायरीला टेस्टर लावला होता. चहा पिऊन आल्यावर टेस्टर खिशात तसाच होता. तो खिसा आणि त्यात पेन लावावं तसा लावलेला टेस्टर अजून डोळ्यांपुढे होता.

"मी बसले होते ना," ती पुटपुटली. "म्हणून नाही लावला."

"कामावरून पाच मिनिटांसाठी जरी उठलं, तरी परत आल्यावर पहिल्यांदा टेस्टर. समोर सख्खी आई बसली असली तरी. तुझा अण्णा वायरीपेक्षा माणसांवर विश्वास ठेवतो. चांगला माणूस आहे, पण वायरीला ते कळत नाही." बाईंनी पुडीची सुरळी केली. "आता सांग, वीज गेली कशाने? काल कुणी म्हणालं होतं का, की आपल्याकडचीही वीज गेली?"

थोरलीच्या डोक्यात सकाळपासून खटकत होतं ते एकदम वर आलं. काल भाऊजी म्हणाले होते, पंखा बंद पडला म्हणून उठलो. आज म्हणाले, आवाजाने उठलो.

"भाऊजी! पण त्यांचं मीटर वेगळं आहे. खाली अण्णाला शॉक बसला तर वरचा पंखा कशाला बंद पडेल?"

"अण्णाच्या पकडीने दोन वायरी एकमेकींना टेकल्या आणि फ्यूज उडाला. खालचा नाही, वरचा. म्हणूनच तुझा भाऊ जिवंत आहे." बाई उठल्या. "म्हणजे खाली अंगावर आलेली वीज वरच्या घरची होती. जिना कुठे आहे?"

६

जिना आतल्या बोळात होता. वळणावर वरच्या घराचा एक सॉकेट. बरोबर त्याखाली, बोळात, खालच्या घराचा एक. मध्ये पाच हातांचं अंतर. बाईंनी टॉर्च मारला. दोन्ही सॉकेटांच्या भोकांभोवती तपकिरी डाग होते, पोळी करपावी तसे.

"गिझरने वीज ओढली की साधी वायर अशी तापते," त्या कुजबुजल्या. "दोन सॉकेट, मध्ये वायर. आणि वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग. समजलं का? एक टोक चालू सॉकेटमध्ये, दुसरं बंद घराच्या सॉकेटमध्ये. सगळं घर उलटीकडून पेटतं. मेनला पत्ताच नाही. अशी वायर दुकानात विकत मिळत नाही. ती घरीच कुणीतरी हौसेने करतो."

"भाऊजींनी मुद्दाम केलं?" थोरलीने जिन्याकडे बघत विचारलं.

"झोपलेला माणूस पंखा बंद पडल्यावर उठतो. स्वतः वायर जोडणारा खाली अण्णा काम करतोय हे माहीत असताना वर जाऊन झोपेल का? नाही. त्याने फक्त वायर केली. आणि काल खाली येताना पाहिली, ओळखली, उपटली आणि लपवली. मागाहून वरचा उडालेला फ्यूजही बदलला. जोडली दुसऱ्याच कुणीतरी. आणि ते कुणीतरी," बाईंचा आवाज अगदी खाली आला, "अजून जाणत नाही की आपण काय केलं. म्हणून परत करेल. ज्या कारणासाठी केलं ते कारण अजून तसंच पडून आहे."

त्या झपाझप बाहेर गेल्या. "धाकटे! गवंडीबुवा! दोघंही अंगणात बसा. मी बोलावल्याशिवाय उठायचं नाही."

"पण आईपाशी कुणीतरी..."

"बसा म्हटलं ना."

मग त्या थोरलीला स्वयंपाकघरात घेऊन आल्या. अण्णा पडला होता ती जागा. खाचेतून वायरींची तांबडी उघडी टोकं लोंबत होती. त्यातल्या दोन टोकांना बाईंनी सकाळीच आपल्या पिशवीतला एक बल्ब जोडून ठेवला होता. विझलेला बल्ब भिंतीवर लटकत होता, मेलेल्या डोळ्यासारखा.

"आता काय करायचं?" थोरलीने विचारलं.

"थांबायचं."

थांबल्या. घरात इतकी शांतता की फुटाणा चावला तर तोफ वाटावी. बोळातून कुणाची तरी पावलं सरकल्यासारखी झाली. की झाली नाहीत? न्हाणीघरात नळ टिपटिपत होता. अण्णाची पक्कड अजून फरशीवर पडली होती, वायरींच्या खालीच. थोरलीला ते बघवेना. भावाचं हत्यार असं पडलेलं. मेनला तर सील आहे, दांडा हललेला नाही, आपण स्वतः पाहिलं. ती वाकली, आणि वाटेत येणारी वायर बाजूला करायला तिचा हात पुढे गेला. सुलटा हात.

फाट्! बाईंनी तिच्या मनगटावर टॉर्च हाणला.

"आई गं!"

आणि त्याच क्षणी, भिंतीवरचा बल्ब पेटला.

७

तिची बोटं वायरीपासून वीतभरावर होती. बल्ब शांतपणे जळत होता. दारातून न्हाणीघरातल्या गिझरचा लाल दिवा दिसत होता. फ्रिज गुरगुरायला लागला. मेन बंद होता.

"जागची हलू नकोस!" बाई बोळाकडे धावल्या.

जिन्याच्या पायथ्याशी सासूबाई उभ्या होत्या. हातात नुकताच सॉकेटमध्ये बसवलेला प्लग, आणि वर वळणापर्यंत ताणलेली काळी वायर. त्यांनी मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावर चोरी नव्हती. दमलेल्या बाईचा समाधानी चेहरा होता.

"सोडा तो! वरचा आधी काढते!" बाईंनी जिना चढून वरचा प्लग उपटला. घर विझलं.

"काय झालं?" सासूबाई गोंधळल्या. "यांची गादी फुगवत होते. वरची वीज घेतली हो! मेनला हात नाही लावला. धाकट्यानेच शिकवलंय मला, खालची वीज गेली की हे असं करायचं. काल म्हणाला वायर जळली, टाकली. पण मी आई आहे त्याची. लहानपणापासून सगळं लपवतो तो वरच्या रिकाम्या टाकीमागे."

"काल किती वाजता लावलीत?"

"चहा झाला आणि लगेच. यांना अगदी बघवेना म्हणून. अण्णाने सांगितलं मेनला हात लावू नका, नाही लावला. वरची वीज वरून घेतली, त्यात खालच्याचं काय..."

त्या बोलता बोलता थांबल्या. बोळाच्या टोकाला थोरली उभी होती, मनगट धरून. अंगणातून धाकटे आले होते, त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यांच्या तोंडाकडे पाहून सासूबाईंना जे कळायचं ते कळलं.

"म्हणजे... अण्णा..." त्यांचा हात वायरीवरून गळून पडला. "माझ्या हाताने?"

आतल्या खोलीत अर्धवट फुगलेली गादी फुस्स करत बसत होती.

"वहिनी, मला आईला वाचवायचं होतं," दीर म्हणाले. "तिला कळलं असतं तर ती..."

"आणि मला?" थोरली म्हणाली. आवाज चढला नाही, त्यामुळेच तो सगळ्यांना नीट ऐकू आला. "कालपासून मी स्वतःच्या हाताकडे बघतेय, भाऊजी. याच हाताने भावाला मारलं म्हणून. तुम्ही बघत होतात ना? मला कोण वाचवणार होतं? आणि आज माझा हात त्या वायरीला लागला असता, तर ते तुम्ही कुठे लपवलं असतं? टाकीमागे?"

दीर खाली बसले. बाईंनी त्यांना बाहेर नेलं आणि जे झालं ते सगळं कागदावर त्यांच्याच हाताने लिहून घेतलं.

सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. काल या सुनेला काय काय बोललो ते त्यांना एकेक आठवत असावं, कारण त्यांचे ओठ हलत होते. थोरलीला तेच शब्द त्यांना परत करता आले असते. तोंडाशी आलेही होते. पण आतून सासरेबुवा कण्हले आणि दोघींची पावलं एकदमच तिकडे वळली. दोघींनी मिळून त्यांची कूस बदलली. मग थोरली स्वयंपाकघरात गेली, अण्णाची पक्कड उचलली आणि त्या काळ्या वायरीचं एक टोक कचकन तोडलं.

संध्याकाळी बाईंनी स्वतः, एका टोकाला प्लग आणि दुसऱ्या टोकाला बोर्ड असलेली लांब वायर आणून वरून थेट गादीच्या पंपाला जोडून दिली. इतकंच करायचं होतं खरं तर.

अण्णाला तिसऱ्या दिवशी शुद्ध आली. पहिलं वाक्य म्हणे असं होतं, "चिमीला सांगा, टेस्टर मी लावला नव्हता."

महिन्याभराने तो उरलेलं काम पुरं करायला आला. डाव्या हाताला पट्टी, पिशवीत नवंकोरं कुलूप. खडाक्. दांडा खाली, कुलूप बंद, किल्ली स्वतःच्या खिशात. वरच्या घराचा फ्यूजही त्याने काढून खिशात टाकला. मग एकेका वायरीला टेस्टर. चहा झाला, परत टेस्टर. लघवीला जाऊन आला, परत टेस्टर. गवंडी हसून बेजार.

व्हरांड्यात सासूबाई स्टूल टाकून मेनखाली बसल्या होत्या. सकाळी नऊपासून.

"आई, उठा की आता," अण्णा म्हणाला. "कुलूप आहे. त्याला डुलकी लागत नाही."

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या आणि स्टूल आणखी पुढे ओढलं. "तुझं कुलूप तू ठेव. मी बसते."

चारच्या सुमाराला थोरली न्हाणीघरात गेली. नळासमोर जरा वेळ उभी राहिली, उलटा हात आधी पुढे केला, मग सुलटा. पाणी गार होतं. दात वाजावेत इतकं गार. ती ते तसंच वाहू देऊन हात धूत राहिली, आणि बाहेरून अण्णाने हाक मारेपर्यंत तिने नळ बंद केला नाही.